विसरलेल्या सीमेवरचे गाव

वर्ध्याहून बडनेऱ्याकडे निघालेली पॅसेंजर गाडी दहेगाव आणि कवठा ही दोन लहान स्थानके मागे टाकते आणि अर्ध्या-पाऊण तासात पुलगावला येऊन थांबते. वर्धा जिल्ह्यात बाहेरून येणारा पाहुणा सेवाग्रामला जातो, पवनारला धाम नदीच्या काठी घटकाभर बसतो आणि परततो. पुलगावला मुद्दाम कोणी येत नाही. येथे लेणी नाहीत, गड नाही, नावाजलेले तीर्थक्षेत्र नाही. नागपूर-मुंबई मार्गावरच्या वेगवान गाड्यांतील प्रवाशांना हे गाव म्हणजे वर्धा नदीच्या पुलाआधी किंवा पुलानंतर खिडकीतून सरकून जाणारी काही घरे, एवढेच ठाऊक असते. माझे तर बालपण या गावाशी बांधलेले. पण हे गाव सीमेवरचे आहे, हे मलाही साठी उलटल्यावरच उमगले.

गेल्या मार्च महिन्यात मी पुलगावला गेले ती घर रिकामे करण्यासाठी. आजोबांचे कापडाचे छोटेसे दुकान होते आणि दुकानामागे दोन खणांचे घर. वडील नोकरीनिमित्त वर्ध्यास आले, पुढे आजी-आजोबा गेले, आणि घराला कुलूप लागले ते लागलेच. आता ते विकायचे ठरले, म्हणून मी आणि धाकट्या भावाने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली. पेटीत आजीची दोन लुगडी होती, सुताची जपमाळ होती, पाणी गाळण्याची जुनी गाळणी होती आणि तेलकट पुठ्ठ्याची एक वही होती. वहीत उपवासांची नोंद, घरखर्चाचे आकडे, आणि मधल्या एका पानावर ठसठशीत बाळबोध अक्षरात चार ओळी:

'भाद्रपद शुद्ध १४, शके १८८०. दिग्व्रत घेतले. पश्चिमेस व दक्षिणेस वर्धा नदी, पूर्वेस वैनगंगा, उत्तरेस सातपुडा. आजन्म.'

त्याखाली, वेगळ्या शाईत, आणखी एक ओळ होती: 'चैत्र वद्य ५, शके १८८५. माई इकडे आली.'

शके १८८० म्हणजे सन १९५८, आणि तो दिवस अनंत चतुर्दशीचा, दशलक्षण पर्वाच्या सांगतेचा. दिग्व्रत हे श्रावकाच्या तीन गुणव्रतांपैकी पहिले. दाही दिशांना आपल्या जाण्यायेण्याची मर्यादा आखून घ्यायची आणि तिच्यापलीकडे जन्मभर पाऊल टाकायचे नाही, म्हणजे तेवढ्या क्षेत्राबाहेर आपल्या हातून सूक्ष्म पापही घडायला नको. ही मर्यादा कशाने आखावी, तेही आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त सांगून ठेवले आहे: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश किंवा योजने. नकाशा न पाहिलेल्या माझ्या आजीने दोन नद्या आणि एक डोंगर निवडला. पुढे मी नकाशा उघडून पाहिला. वर्धा नदी सातपुड्यात मुलताईच्या परिसरात उगम पावते, आधी दक्षिणेकडे आणि मग आग्नेयेकडे वाहत जाऊन वैनगंगेला मिळते. तेथून पुढे दोघींची प्राणहिता होते. आजीने आपल्याभोवती जणू एक बंद त्रिकोण आखला होता.

या त्रिकोणात रामटेकचे शांतिनाथ होते, भद्रावतीचे पार्श्वनाथ होते. बाहेर राहिले ते मुक्तागिरी, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि कारंजा. पुष्कळ श्रावक दिग्व्रत घेताना तीर्थयात्रेची सवड ठेवतात. आजीने ती ठेवली नव्हती. आणि बाहेर राहिले तिचे माहेर. नदीच्या पैलतीरावर, धामणगावच्या बाजूला, काठापासून कोसभर अंतरावरचे एक खेडे.

माझ्या आठवणीतली आजी माहेरी कधीच गेली नव्हती. भाऊबीजेला तिचा भाऊ, आमचे मामाआजोबा, तुरीच्या डाळीची पोतडी घेऊन येत, सूर्यास्ताच्या आत जेवत आणि परतत. आजी त्यांना वेशीपर्यंत पोहोचवी. हे असेच असते, असे आम्हां मुलांना वाटे. वही हाती आल्यावर मात्र एक शंका मनात शिरली आणि ती हलेना. वहीतल्याच हिशेबांच्या पानांवर १९५७ सालची एक नोंद होती: 'माहेरच्या हक्कसोडीचा कागद, सही दिली.' हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. तो आपल्या समाजालाही लागू झाला आणि बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा मिळू लागला. वाटा मिळू लागला तसे गावोगाव भाऊ बहिणींच्या दारी हक्कसोडीचे कागद घेऊन येऊ लागले. म्हणजे एका वर्षी आजीने कागदावर सही केली आणि पुढच्याच वर्षी माहेरच्या वाटेवर नदी आडवी घातली. हे व्रत होते की रुसवा? संयम होता की व्रताच्या नावाने घेतलेला सूड? घराचे खरेदीखत दोन दिवसांनी व्हायचे होते. तेवढ्या अवधीत नदी ओलांडून यायचे मी ठरवले.

त्याआधी गाव नव्या डोळ्यांनी पाहिले. पुलगावचे नावच त्याचा जन्म सांगते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्याच्या वाटेवर वर्धा नदीचा पूल पडला, आणि पुलाशेजारी जे गाव वाढले ते पुलगाव. खरे जुने गाव शेजारचे नाचणगाव. पुलगाव त्याच्या मानाने कालचे पोर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वर्धेच्या दोन्ही तीरांवरच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. रूळ आले ते त्या कापसाच्या ओढीने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे कापडाची गिरणी उभी राहिली, आणि तिच्या भोंग्यावर गावाचा दिवस उगवू-मावळू लागला. पुलगावहून आर्वीपर्यंत अरुंद मापाची आगगाडी धावे. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीच्या व्यवस्थापनाखालच्या कंपनीचे ते रूळ होते. लहानपणी त्या गाडीतून आर्वीला जाताना आम्ही खिडकीतून बाहेर पाहात असू आणि शेतातली माणसे काम थांबवून आमच्याकडे पाहात. गाडी इतकी सावकाश जाई की दोघांनाही पाहणे पुरते होई. ती गाडी आता बंद झाली आहे. रुळांच्या कडेला त्या मार्चमध्येही पळस मात्र पेटला होता.

गावाला आणखी एक सीमा आहे, आणि ती मात्र सर्वांना दिसते. लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार येथेच आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. त्याच्या तारेच्या कुंपणापाशी गावाची वाट संपते. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे आग लागली आणि स्फोट झाले. दोन लष्करी अधिकारी आणि आगीशी झुंजणारे अनेक अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले; आसपासच्या खेड्यांतील माणसे अंधारात लेकरे कडेवर घेऊन घराबाहेर पडली. त्या कुंपणाजवळून जाताना आजोबा आम्हांला पाय उचलायला सांगत. कापड विकणारा तो साधा श्रावक एवढेच म्हणे की, जे आपण कुणाला उसने देऊ नये असे शास्त्र सांगते, त्याची कोठारे आपल्या गावाला सांभाळावी लागतात. तेव्हा तिथे राहणाऱ्या माणसांसाठी णमोकार म्हणावा. आम्ही म्हणत असू.

नदीची सीमा मात्र डोळ्यांना दिसत नाही; ती इतिहासात वाचावी लागते. अडगाव आणि गाविलगड येथील पराभवानंतर नागपूरकर रघूजी भोसले दुसरे यांनी १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह केला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा आपला मुलूख सोडला. तो निजामाकडे गेला. तेव्हापासून अलीकडचा काठ भोसल्यांचा आणि पलीकडचा काठ हैदराबादचा. एकच नदी, एकच काळी माती, एकच बोली, एकमेकांत सोयरिकी. पण पाण्याच्या मधोमध दोन राज्ये संपत होती. पन्नास वर्षांनी, मे १८५३ मध्ये, फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रघूजी तिसरे वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचे राज्यही खालसा झाले. दोन्ही तीरांवर आता एकच इंग्रज होता, तरी सीमा उरलीच. अलीकडे मध्य प्रांत, पलीकडे 'हैदराबादचे सोपवलेले जिल्हे'. नागपूरपासून वेगळा काढून १८६२ मध्ये वर्धा जिल्हा केला, तेव्हा त्याचे मुख्य ठाणे याच सीमेजवळ, पुलगावशेजारच्या कवठ्याला होते. वर्धा शहर वसवून ते तिकडे नेले ते १८६६ मध्ये. आज पॅसेंजर गाडी कवठ्याला जेमतेम मिनिटभर थांबते. कधीकाळी एका जिल्ह्याचा कारभार येथून चाले, हे त्या फलाटाकडे पाहून कोणाच्या स्वप्नातही यायचे नाही.

पुढची गोष्ट तर अधिकच नवलाची. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपये ठरवून. आणि १९०३ पासून ते मध्य प्रांताला जोडले गेले. कारभार एक झाला, पण मालकी नाही. १९३६ च्या कराराने वऱ्हाडवरचे निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य केले गेले, आणि त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बरार' अशी पदवी मिळाली. म्हणजे आजीचे लग्न होऊन ती नदी ओलांडून आली तेव्हा, निदान कागदावर, ती एका राजाच्या मुलखातून दुसऱ्या राजाच्या मुलखात नांदायला आली होती. तिला हे कोणी सांगितले नसेल. पुढे स्वातंत्र्य आले, मध्य प्रदेश झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्या दीडशे वर्षांच्या सीमेचे आता उरले आहे ते वर्धा आणि अमरावती या दोन जिल्ह्यांमधली हद्द सांगणारे फलक. उत्तरेला समृद्धी महामार्गही हीच नदी ओलांडतो. मोटारीत बसलेल्यांना ती कळण्याआधी मागे पडते.

त्या रात्री टेक्सासात राहणाऱ्या भाच्याचा फोन आला. मी वर्धा नदीचे पुराण लावले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, अशीच नदी मी गेल्या वर्षी ओलांडली." अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधली रिओ ग्रांदे. पलीकडचे लोक तिला रिओ ब्राव्हो म्हणतात. १८४८ च्या तहाने ती त्या दोन देशांची सीमा ठरली. बिग बेंड या राष्ट्रीय उद्यानाच्या समोर, पैलतीरावर, बोकियास देल कार्मेन नावाचे मेक्सिकोचे एक चिमुकले गाव आहे. नावाडी वल्ह्यांची होडी घेऊन थांबतो, चार-दोन मिनिटांत पलीकडे नेतो. पुढे गाढवावर बसून किंवा पायी गावात जायचे, तिथल्या बायकांनी भरतकाम केलेली फडकी विकत घ्यायची, जेवायचे आणि परतायचे. पिढ्यान्‌पिढ्या हे जाणेयेणे असेच सहज चाले. २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने सीमा आवळल्या आणि २००२ मध्ये ही होडी बंद झाली. पाहुण्यांवर जगणारे ते गाव ओस पडू लागले. नदी तेवढीच उथळ होती. पण ती ओलांडणे हा गुन्हा झाला. पुन्हा रीतसर वाट उघडली ती एप्रिल २०१३ मध्ये, अकरा वर्षांनी. भाचा म्हणाला, "होडीत बसलो तेव्हा एवढ्याशा पाण्याचे हसू येत होते. पण नावाडी हसत नव्हता."

मी फोन ठेवला, आणि आजीची वही पुन्हा उघडली. तिच्या नदीवर पहारा नव्हता, परवाना लागत नव्हता, नावाडीही बंदी घातलेला नव्हता. तिला अडवणारी ती एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका ऑटोरिक्षातून पूल ओलांडला. पाणी निळसर होते आणि कडेला वाळू उघडी पडली होती. पलीकडे उतरल्यावर तुरीची वाळलेली कुंपणे, हरभऱ्याचे खळे, शेवटच्या वेचणीनंतरच्या पऱ्हाटीचे काटकुळे ताटवे, सगळे अलीकडच्यासारखेच. चालकाला विचारले, "हे वऱ्हाड का?" तो म्हणाला, "वऱ्हाडच हाय ना बाई. तिकडचंबी वऱ्हाडच." त्याच्या लेखी सीमा नव्हतीच. याच नदीच्या वरच्या अंगाला, अमरावतीच्या तीरावर, कौंडिण्यपूर आहे, रुक्मिणीचे माहेर. आपल्या आचार्य जिनसेनांच्या 'हरिवंशपुराणा'तही कुंडिनपूरची ही राजकन्या येते. नदीकाठच्या बायका अजून तिला माहेरवाशीण मानतात. माहेर सोडून गेलेल्या लेकींची ही नदी आहे, असे त्या सकाळी मला वाटून गेले.

आजीच्या माहेरचे घर आता सिमेंटचे झाले आहे. मामाआजोबांचा मुलगा, म्हणजे नात्याने माझे काका, ओट्यावर बसले होते. सत्तरी उलटलेले, नजर अधू, पण आवाज खणखणीत. ओळख पटायला वेळ लागला नाही, त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आत्याचीच बोटं हायेत." मी वही पुढे केली. त्यांना वाचता येईना. मीच वाचून दाखवले. हक्कसोडीची नोंदही वाचली. मग जे विचारायला गेले होते ते विचारले, "काका, आजी रागावली होती का?"

"रागावली होती त. अन् कावून नाई रागावनार?" ते म्हणाले. "आमच्या बापानं सही मांगितली, आत्यानं देल्ली. एक शबुद बोलली नाई. थेच बापाले लागलं. भांडली असती त बरं झालं असतं, असं म्हने."

शेवटची ओळ वाचली तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मी आजवर समजत होते की पणजी कधीतरी लेकीकडे चार दिवस राहायला आली असेल, त्याची ती नोंद. काकांनी सांगितले ते निराळे होते.

पणजीला अर्धांग झाले होते. वैद्याने हात टेकले होते. निरोप पुलगावला गेला, तेव्हा आजीने उलट निरोप धाडला की मी काठापर्यंत येते, त्यापुढे मला मर्यादा आहे. घरातली माणसे संतापली. असले कसले व्रत, मरणाऱ्या आईला न भेटण्याचे? काका त्या वेळी दहा वर्षांचे. त्यांच्या आठवणीत राहिली ती खाटेवर पडलेली बुढी. तिची वाचा अर्धी गेली होती, पण ती म्हणाली ते त्यांनी मला तिच्याच बोलीत सांगितले: "थे नदी वलांडत नाई. म्या कोठी व्रत घेतलं? जुपा गाडी."

चैत्र उतरणीला लागला होता. तेव्हा वरच्या अंगाला धरणे नव्हती. उन्हाळ्यात वर्धेच्या पात्रात वाळूच वाळू, आणि तिच्यातून घोट्याएवढी एक धार. बैलगाडीत कडबा पसरून, वर गोधडी घालून पणजीला निजवले. पात्रात उतरल्यावर चाके वाळूत रुतली. तेव्हा बैल सोडले आणि दोघा भावांनी, म्हणजे मामाआजोबांनी आणि त्यांच्या चुलतभावाने, आईला खाटेसकट उचलले. धार ओलांडली. पलीकडे ओल्या वाळूवर आजी बसली होती.

"आत्यानं पान्यात पाय टाकला नाई," काका म्हणाले. "काठावरच बसून होती. खाट उतरवली तशी तिनं बुढीचं डोस्कं मांडीवर घेतलं. आमाले पोरायले बापानं डांगरवाडीत हाकललं. काय बोलल्या थे माहीत नाई. दिवस बुडेस्तोवर बसल्या दोघी."

परत निघताना मामाआजोबांनी बहिणीपुढे हात जोडले आणि नदीकाठचे एक वावर तुझ्या नावाने करून देतो म्हणाले. आजीने ते घेतले नाही. जिथे मी पाय ठेवणार नाही तिथले पीक माझ्या काय उपयोगाचे, असे तिने सांगितले; दरसाल भाऊबीजेला तू ये, एवढेच मागितले. पणजी त्यानंतर आठवडाभरात गेली. आणि मामाआजोबा मरेपर्यंत दरसाल भाऊबीजेला आले. तुरीची ती पोतडी त्याच वावरातली होती, असे काकांनी सहज सांगितले. मला मात्र ती आजच कळली.

मी जो प्रश्न घेऊन गेले होते त्याचे उत्तर मला सरळ मिळाले नाही. राग होता, तो काकांनी नाकारला नाही. रागातून आखलेली मर्यादाही व्रत होऊ शकते का, हे शास्त्र जाणणाऱ्यांनी सांगावे. मला दिसले ते एवढेच, की मर्यादा आजीने स्वतःला घातली होती, दुसऱ्या कुणाला नव्हती. तिने दार लावले नाही. उंबरठ्याच्या आत बसून राहिली. आईला नदी ओलांडायला तिने सांगितले नाही, पण आई आली तेव्हा ती काठावर होती. पाहुण्यांना अडवणाऱ्या सीमा आणि स्वतःला थांबवणाऱ्या सीमा यांच्यात हे अंतर आहे. त्याची किंमत मात्र तिच्याबरोबर त्या आजारी म्हातारीनेही मोजली, वाळूतून खाटेवर हेलकावे खात. हेही विसरता येत नाही. आजी हे कधी कुणाशी बोलली नाही. वहीत तिने आपल्या व्रताची थोरवी लिहिली नाही, आपण नदीपर्यंत गेलो असेही लिहिले नाही. लिहिले ते फक्त 'माई इकडे आली.'

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वरची, खालची आणि आडवी मर्यादा ओलांडणे हे तीन, मर्यादेचे क्षेत्र वाढवणे हा चौथा. पाचव्याचे नाव स्मृत्यंतराधान, म्हणजे आपण आखलेली मर्यादा विसरून जाणे. पाऊल बाहेर पडले नाही, तरी विस्मरण हाच दोष. पुलगावच्या त्या पुलावरून परत येताना हा शब्द मनात घोळत राहिला. राजांनी आणि साहेबांनी तह करून आखलेली ती सीमा नदीकाठचे लोक साफ विसरले, आणि ते विसरणे किती सुखाचे! कुणाला दोष लागला नाही. उलट सोयरिकी मोकळ्या झाल्या. माणसाने स्वतःसाठी आखलेली सीमा मात्र आठवणीवरच उभी असते. आठवण गेली की तिला दुसरा खांब नाही.

घराचे खरेदीखत ठरल्या दिवशी झाले. भावाने आलेल्या रकमेचे आपणहून दोन सारखे वाटे केले. मी माझा घेतला. आजीचे नाव दोघांपैकी कोणी काढले नाही, पण वही कुणी ठेवायची यावर मात्र आम्ही थोडे भांडलो. शेवटी ती माझ्याकडे आली.

संध्याकाळी वर्ध्याला परतण्यासाठी फलाटावर उभी होते. पश्चिमेकडून येणाऱ्या गाडीला पुलावरून यायचे होते. पुलाचा घुमारा आधी ऐकू आला, मग दिवा दिसला. गाडीत बसल्यावर समोरच्या बाईने आपल्या मुलाला विचारले, "नदी गेली का रे?" मुलगा मोबाइलमधून मान न उचलता म्हणाला, "केव्हाची."